लाकडाची शाळा आणि गावाचे रान

गावात शाळेची नवी इमारत व्हावयाची ठरली की सभा भरते. कुणी म्हणतो पाया काळ्या दगडाचा घ्या, कुणी म्हणतो विटा जवळच्या भट्टीवरून आणा, आणि शेवटी सिमेंट-लोखंडावर सगळ्यांचे एकमत होते. लाकडाचे नाव निघते ते दारे-खिडक्यांपुरते. अलीकडे तेही कमी झाले आहे. अशा सभेत एखाद्या गुरुजींनी उठून म्हटले, "या खेपेस शाळा लाकडाची बांधू या," तर काय होईल? तीन कोपऱ्यांतून तीन प्रश्न येतील. पहिला विचारील, "आग लागली तर?" दुसरा विचारील, "आणि वाळवी?" तिसरा जरा रागानेच विचारील, "लाकूड आणणार कोठून? उरलेसुरले रानही तोडायचे की काय?"

मंडळी, हे तिन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. मुलांच्या डोक्यावरचे छप्पर हा काही हौसेचा विषय नव्हे. म्हणूनच आज तुम्हाला एका अशा देशाची हकीकत सांगावयाची आहे, की ज्याने हेच प्रश्न स्वतःला विचारले, त्यांपायी लाकडाच्या शाळा बांधणे जवळजवळ सोडून दिले, आणि पुष्कळ वर्षांनी, पुष्कळ शहाणपण गाठीशी बांधून, तो आपल्याच रानातल्या लाकडाकडे परत वळला. तो देश म्हणजे जपान.

जपान हा डोंगराळ बेटांचा मुलूख. एकूण भूमीपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग वनांखाली. भूकंप तर तिथे नित्याचेच, आणि उन्हाळा सरता सरता समुद्रावरून मोठी चक्रीवादळे येतात. घरे, देवळे, शाळा हे सारे पिढ्यान् पिढ्या लाकडाचे होते. त्याची किंमतही त्या देशाने मोजली. २१ सप्टेंबर १९३४ रोजी सकाळी, ऐन शाळा भरण्याच्या वेळी, 'मुरोतो' या नावाने ओळखले जाणारे वादळ ओसाका शहरावर आदळले. लाकडी शाळा पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. शेकडो मुले आणि त्यांना वाचवू पाहणारे शिक्षक त्यांखाली सापडले. ओसाकाच्या किल्ल्याच्या बागेत त्यांच्या स्मरणार्थ १९३६ साली एक उंच मनोरा उभारण्यात आला. त्याला 'शिक्षण मनोरा' म्हणतात.

पुढे महायुद्धात बाँबच्या आगींनी शहरेच्या शहरे भस्मसात झाली. १९५० साली तिथल्या लोकसभेने ठराव केला, की शहरांतील इमारती न जळणाऱ्या असाव्यात. सप्टेंबर १९५९ मध्ये इसेच्या आखातावरून आलेल्या वादळाने पाच हजारांवर माणसे गेली, आणि त्याच वर्षी वास्तुशास्त्रज्ञांच्या प्रमुख संस्थेने संकटप्रवण जागी लाकडी बांधकाम नको असा ठराव केला. तेव्हापासून शाळा काँक्रीटच्या होऊ लागल्या. ज्या देशाने वर्गात बसलेली मुले गमावली, त्याने असा निर्णय घेतला तर त्याला कोण दोष देईल?

आता दुसरी बाजू पाहा. युद्धाच्या काळात आणि नंतर डोंगर उघडे पडले होते. ते पुन्हा हिरवे करण्यासाठी १९५० व १९६० च्या दशकांत गावोगावच्या लोकांनी रोपे लावली. मुख्यतः दोन झाडे लावली. एक 'सुगी', म्हणजे सरळसोट वाढणारे झाड. दुसरे 'हिनोकी', सुरूसारख्या पानांचे आणि सुवासिक लाकडाचे. आज तिथल्या वनांपैकी चाळीस टक्के, म्हणजे सुमारे एक कोटी हेक्टर, हाताने लावलेले रान आहे. पण झाड म्हणजे काही ज्वारी नव्हे, की चार महिन्यांत कणीस हाती यावे. सुगी कापणीला येण्यास पन्नास वर्षे लागतात. रोपे लहान होती तेवढ्यात १९६४ पर्यंत परदेशी लाकडाची आयात खुली झाली. अमेरिकेतून, आग्नेय आशियातून जहाजे भरभरून स्वस्त लाकूड येऊ लागले. १९५५ च्या सुमारास हा देश आपल्या गरजेच्या नव्वद टक्क्यांहून अधिक लाकूड स्वतःच्या रानातून घेत होता. २००२ च्या सुमारास ते प्रमाण विसाच्या आत आले.

म्हणजे झाले काय, की आजोबांनी लावलेले झाड नातवाच्या काळात तयार झाले, तेव्हा त्याला गिऱ्हाईक उरले नाही. दाट पेरलेल्या पिकाची विरळणी करावी लागते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. रानालाही विरळणी लागते. ती थांबली. झाडे काड्यांसारखी बारीक, एकमेकांना खेटून वाढली. खाली ऊन पोचेना, म्हणून गवत-झुडपे उगवेनात, आणि उघडी माती पावसाने वाहू लागली. भरीस भर म्हणजे सुगीच्या फुलोऱ्याचा पराग वसंत ऋतूत धुळीसारखा उडतो, आणि त्याने डोळे चुरचुरणे, शिंका, नाक वाहणे हा विकार साऱ्या देशाला जडला. २०१९ च्या एका पाहणीत दर तीन माणसांत एकाहून अधिकांना तो असल्याचे आढळले. २०२३ साली सरकारने हा पराग तीस वर्षांत निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम आखला. त्यातला एक मुख्य उपाय असा, की पिकलेली सुगी कापावयाची, ती घरांत आणि इमारतींत वापरावयाची, आणि तिच्या जागी कमी परागाची रोपे लावावयाची.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याला वाटते झाड न तोडणे म्हणजे रान राखणे. निसर्गतः उगवलेल्या अरण्याच्या बाबतीत ते खरेच आहे. त्याला हात लावू नये. पण माणसाने लावलेले रान हे पीक आहे. पीक वेळेवर काढले नाही, तर शेतही बिघडते आणि पेरणाऱ्याचा हातही पुन्हा पेरावयास उठत नाही.

काँक्रीटच्या त्या लाटेतही एका छोट्या गावात लाकडाची एक शाळा उभी राहिली, ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शिकोकू बेटावर यावाताहामा नावाचे शहर आहे. तेथील नगरपालिकेच्या नोकरीत मासात्सुने मात्सुमुरा नावाचे वास्तुरचनाकार होते. त्यांनी १९५६ ते १९५८ या काळात नदीकाठी हिझुची प्राथमिक शाळा बांधली. चौकट लाकडाची, आणि जिथे जोर लागतो तिथे लोखंडाचे ताण. वर्ग आणि जाण्यायेण्याचा मार्ग यांच्यामध्ये त्यांनी लहान लहान चौक सोडले. त्यामुळे प्रत्येक वर्गाला दोन्ही बाजूंनी उजेड मिळाला. आपल्याकडे वर्गात एका बाजूला खिडक्या असल्या की पलीकडच्या मुलाची वही सावलीत राहते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. हिझुचीला ती सावली राहिली नाही. नदीच्या अंगाला तर पाण्यावर डोकावणारा सज्जा काढला. पुढे ही इमारत पाडावी की राखावी असा वाद झाला. शेवटी ती भूकंपाला टिकेल अशी मजबूत करण्यात आली, आणि २००९ मध्ये दुरुस्ती पुरी झाल्यावर मुले पुन्हा त्याच वर्गांत बसली. २०१२ साली या जीर्णोद्धाराला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी जपानने या शाळेला राष्ट्राचा महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान दिला. तालेवार संस्थेची नव्हे, खेड्यातल्या मुलांची ही शाळा, आणि तिचा रचनाकार नगरपालिकेचा नोकर. चांगल्या शाळेला श्रीमंती लागतेच असे नाही, विचार मात्र लागतो.

आता नव्या तऱ्हेच्या लाकडाकडे वळू. जुन्या वाड्यातली तुळई आठवा. एवढी जाड तुळई काढावयाची तर शंभर वर्षांचे झाड हवे, आणि तसली झाडे आता कुठेच फारशी उरली नाहीत. मग पन्नास वर्षांच्या, कमरेएवढ्या घेराच्या झाडाचे काय करावयाचे? त्याच्या फळ्या पाडावयाच्या, त्या नीट सुकवावयाच्या, गाठी आणि तडे गेलेला भाग कापून टाकावयाचा, आणि चांगल्या फळ्या एकावर एक चिकटवून दाबून हवी तेवढी जाड तुळई तयार करावयाची. जर्मनीतल्या ऑटो हेट्झर यांनी १९०६ साली अशा तुळईचे पेटंट घेतले. तिला ग्लुलॅम म्हणतात.

तुळई झाली, मग भिंत आणि तक्तपोशी? त्यासाठी १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत दुसरी युक्ती निघाली. प्लायवुड तुम्ही पाहिले आहे. त्यात पातळ पापुद्रे एक उभा, एक आडवा असे चिकटवतात. तेच पापुद्र्यांऐवजी दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या फळ्यांनी करावयाचे. एक थर उभ्या फळ्यांचा, त्यावर एक आडव्यांचा, असे तीन, पाच किंवा सात थर. लाकूड रेषेच्या दिशेने बळकट असते आणि रेषेच्या आडवे फुगते, आक्रसते. उभे-आडवे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे पाट वाकत नाही आणि दोन्ही दिशांनी भार पेलतो. याला क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, थोडक्यात सीएलटी म्हणतात. जपानने डिसेंबर २०१३ मध्ये त्याचे प्रमाणित मानक ठरविले, आणि २०१६ मध्ये असल्या पाटांच्या इमारतींची गणिते कशी करावीत याचे नियम काढले.

गुरुजींसाठी येथे एक सोपे गणित आहे. सहा मीटर रुंद व आठ मीटर लांब अशा वर्गाचे छत घ्या. जाडी पंधरा सेंटिमीटर धरा. घनफळ आले ७.२ घनमीटर. काँक्रीटचे वजन दर घनमीटरला सुमारे २४०० किलो, म्हणजे छताचे वजन सतरा टनांच्या वर. वाळलेल्या सुगीचे वजन दर घनमीटरला सुमारे ३८० किलो, म्हणजे छत भरले पावणेतीन टन. दोन्ही छतांना जाडी सारखी लागेल असे नाही, पण फरक कोणत्या मापाचा आहे हे मुलांना यावरून कळेल. धरणीकंपात इमारतीला बसणारा हिसका तिच्या वजनाच्या मानाने वाढतो. हलक्या इमारतीला हिसका कमी.

हे आपल्यालाही परके नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाचे मातीचे ओझे यांनी घात केला. पण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना असेही दिसले, की जेथे माळवद लाकडी खांबांच्या खणांवर तोललेले होते, तेथे भिंती ढासळल्या तरी पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला. तो खण उभारणारा सुतार कोणत्या महाविद्यालयात शिकला नव्हता. पण लाकूड लवते आणि म्हणून टिकते, हे त्याला माहीत होते.

आता पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न. आग.

लाकडाच्या शाळेचे नाव काढले की कुणालाही तमिळनाडूतले कुंभकोणम आठवावे. १६ जुलै २००४ रोजी तेथील शाळेत स्वयंपाकाच्या जागेतून लागलेली आग झावळ्यांच्या छपराला भिडली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. हा आकडा विसरून या विषयावर बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही. मात्र त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावयास हवी. जळणारी वस्तू किती जाड आहे, यावर सारे अवलंबून असते. चुलीपुढे बसणाऱ्या कोणत्याही माउलीला विचारा. झावळी काडीने पेटते, चिपाटे फुंकरीने पेटते. पण जाड ओंडका नुसत्या काडीने पेटवून दाखवा बरे! पेटला तरी त्याच्यावर कोळशाचा थर धरतो, आणि तो थरच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. अभियंत्यांनी हे मोजले आहे. जाड लाकूड मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या गतीने आत जळत जाते. तासाभरात सुमारे चार सेंटिमीटर. पाच सेंटिमीटरचा वासा दोन्ही बाजूंनी जळाला तर अर्ध्या-पाऊण तासात नाहीसा होईल. पण पंचवीस सेंटिमीटर चौरस खांब चारही बाजूंनी तासभर जळाला, तरी आत साडेसोळा सेंटिमीटरचा निरोगी गाभा उरतो. तेवढ्या गाभ्यावर इमारत उभी राहिली पाहिजे असे गणित आधीच करावयाचे. म्हणजे जळून जाण्यासाठी म्हणून थोडे लाकूड जास्तीचे द्यावयाचे. जपानी भाषेत याला 'मोएशिरो' असा शब्दच आहे. तासाभराच्या आगीसाठी चिकटवलेल्या लाकडाला प्रत्येक उघड्या बाजूस साडेचार सेंटिमीटर जास्तीचे धरतात. कोऱ्या लोखंडाची गोष्ट उलटी. ते जळत नाही, पण साडेपाचशे-सहाशे अंश तापले की त्याची निम्म्याच्या आसपास ताकद जाते आणि ते वाकते.

पण मंडळी, कागदावरचे गणित एक आणि वर्गात बसलेली मुले वेगळी. जपानी लोकांनी गणितावर विश्वास ठेवून मुलांना तीन मजली लाकडी शाळेत बसविले नाही. त्यांनी आधी खरोखरीची तीन मजली लाकडी शाळा बांधली आणि ती पेटवून दिली. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्सुकुबा येथे पहिला प्रयोग झाला. आग खिडकीतून बाहेर पडली आणि बाहेरूनच चढत काही मिनिटांतच वरच्या मजल्यांवर गेली. प्रयोग फसला असे म्हणून कुणी तो दडपला नाही. नेमके कोठे चुकले ते पाहिले. वर्गाच्या छताला न जळणारे अस्तर दिले. खालची ज्वाळा वरच्या खिडकीला भिडू नये म्हणून मजल्यामजल्यावर बाहेर सज्जे काढले. नोव्हेंबर २०१२ मध्ये गेरो या गावी दुसरी शाळा पेटविली, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये तेथेच तिसरी. आग पसरावयास लागणारा वेळ आता इतका वाढला, की मुलांना सुखरूप बाहेर काढता यावे. मग २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०१५ च्या जूनपासून ठरावीक अटींवर तीन मजली लाकडी शाळा बांधण्याची मोकळीक मिळाली. तीन शाळा जाळल्यावर एक नियम बदलला. कुंभकोणमसारखी वेळ येण्याआधी प्रश्न विचारणे म्हणतात ते हेच.

वाळवीचा प्रश्न त्या मानाने जुना, आणि त्याची उत्तरेही जुनीच. जपानातही वाळवी आहे, दमट हवा तर आपल्या कोकणाच्या तोडीची. लाकडाला मातीचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही, जोते उंच घ्यावयाचे, जमिनीखालून वारा खेळता ठेवावयाचा, छपराची पागोळी भिंतीपासून दूर पडेल अशी पाखे लांब काढावयाची, आणि जिथे वाळवी चढू शकते तो भाग डोळ्यांना दिसेल असा उघडा ठेवावयाचा. आपल्या वाड्यांच्या लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो तो काय शोभेसाठी? तोच हा उपाय. एक मात्र खरे, की लाकडाची इमारत दरसाल कुणीतरी हात फिरवून पाहावी लागते. जिथे पाहणारा नाही, तिथे ती बांधू नये.

मग रानाचा प्रश्न. जपानने २०१० साली कायदा केला, की सरकारी व सार्वजनिक इमारतींत देशातले लाकूड वापरण्यास उत्तेजन द्यावे, आणि कमी उंचीच्या इमारती शक्यतो लाकडाच्याच असाव्यात. २०२१ मध्ये त्याची व्याप्ती खासगी इमारतींपर्यंत वाढविली. स्वतःच्या रानातून मिळणाऱ्या लाकडाचे प्रमाण २०२० मध्ये चाळीस टक्क्यांवर आले. २०११ च्या त्सुनामीत हिगाशिमात्सुशिमा शहरातली एक शाळा उद्ध्वस्त झाली. तिची व शेजारच्या शाळेची मिळून मियानोमोरी ही नवी शाळा उंच जागी, रानाच्या कडेला, लाकडाची बांधण्यात आली. २०१७ च्या जानेवारीपासून मुले तेथे शिकू लागली.

परंतु हे सारे सुरळीत झाले असे समजू नका. पहिली अडचण वेळेची. ताज्या सुगीच्या गाभ्यात लाकडाच्या वजनाहूनही पाणी जास्त असू शकते. ते सुकविल्याशिवाय वापरले तर पुढे आक्रसते, तडकते. म्हणजे झाड आधी तोडावे लागते, मग सुकवावे लागते. आणि शाळेचे पैसे तर मंजूर होतात वर्षाच्या हिशेबाने! बांधकामाचा ठेका दिल्यावर ठेकेदार बाजारात जाऊन गावचे सुकलेले लाकूड मागू लागला, तर ते मिळेल कसे? म्हणून पुष्कळ गावांनी लाकडाची खरेदी वेगळी काढली. आधी गावच्या रानातले लाकूड तोडून सुकवून ठेवावयाचे, आणि नंतर बांधकामाचा ठेका द्यावयाचा. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावाचून पैसा परगावच्या वखारीत जातो. ती साधली तर झाड लावणारा, तोडणारा, लाकूड कापण्याची गिरणीवाला आणि सुतार अशा चार घरांत तो फिरतो.

दुसरी अडचण याहून मोठी. तोडलेल्या क्षेत्रापैकी पुन्हा लागवड होते ती जेमतेम तीस-चाळीस टक्के क्षेत्रावर. रोपे हरणे खातात, डोंगरात काम करणारी माणसे म्हातारी झाली, तरुण शहरात गेले. झाड हवेतला कार्बन शोषून लाकडात साठविते. एका घनमीटर सुगीत तो दीडशे किलोच्या आसपास असतो, आणि शाळा उभी आहे तोवर तो तिच्या भिंतींत राहतो. सिमेंटचे मात्र उलट; ते भाजताना तोच वायू हवेत जातो, साऱ्या जगाच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के. पण हा लाकडाचा मोठेपणा खरा केव्हा? तोडलेल्या जागी नवे रोप लागले आणि जगले तरच. नाही लागले, तर लाकडाची शाळा म्हणजे एकदाच पिकविलेल्या शेताचे धान्य खाऊन संपविणे.

ही गोष्ट मुलांना कळावी म्हणून जपानच्या कितीतरी शाळांनी स्वतःचे रान राखले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही प्रथा चालू आहे. २०१६ च्या पाहणीत सुमारे अडीच हजार शाळांकडे असे शाळेचे रान होते. मुले रोपे लावतात, गवत काढतात, विरळणी पाहतात. त्यांतल्या कुणाला आपल्या हाताने लावलेल्या झाडाची तुळई पाहावयास मिळेलच असे नाही. पण तिला किती वर्षे लागतात, हे त्या मुलाला कायमचे समजते.

आता आपण काय घ्यावे? उद्या उठून सह्याद्रीत कुऱ्हाड चालवावी असे या भाषणाचे तात्पर्य कुणी काढू नये. आपली नैसर्गिक वने राखावयाचीच आहेत, आणि सागासारखे झाड स्वतःच्या बांधावरचे असले तरी ते तोडण्यास परवानगी लागते. सरकारी इमारतींत लाकूड वापरण्यावर केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये बंदी घातली होती, ती २०२० मध्ये उठविली. रानाबाहेर वाढणारा बांबू २०१७ मध्ये कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला. म्हणजे दार थोडे उघडले आहे. पण उघड्या दारातून आत यावयाचे ते शेतात, बांधावर, गावच्या पडीक जागेत लावलेल्या झाडांनीच. आणि त्या झाडांना वीस-तीस-पन्नास वर्षे लागणार आहेत.

म्हणून सुरुवात शाळेच्या इमारतीपासून करू नये, रोपापासून करावी. गुरुजींनी व बाईंनी पाचवी-सहावीच्या मुलांकडून शाळेभोवतीच्या झाडांची नोंदवही करावी. झाडाचे नाव, लावल्याचे वर्ष, आणि दरसाल छातीच्या उंचीवर दोरीने मोजलेला घेर. पाच वर्षांनी त्या वहीतून गावाला कळेल, कोणते झाड आपल्या मातीत कसे वाढते. इमारतीचे काम निघाले म्हणजे गावकऱ्यांनी अभियंत्याला तीन गोष्टी विचाराव्यात, मग ती इमारत कशाचीही असो: वर्गाला दोन बाजूंनी उजेड आहे ना? बाहेर पडावयास दोन वाटा आहेत ना? आणि धरणीकंप झाला तर मुलांच्या डोक्यावर किती वजन आहे? या तीन प्रश्नांना पैसे पडत नाहीत. आणि एखादी छोटी, उघडी पडवी, ग्रंथालयाचा किंवा खेळाचा मांडव बांधावयाचा असेल, तर तो जाणकाराच्या सल्ल्याने, परवानगीच्या लाकडाचा किंवा प्रक्रिया केलेल्या बांबूचा करून पाहावा. त्यात गावच्या सुताराला बोलवावे. त्याचे वडील तळखडा कसा बसवीत, हे मुलांनी त्याच्या तोंडून ऐकावे.

सभेतल्या त्या तीन प्रश्नांची उत्तरे आता मिळून सांगता येतील. आग लागू शकते, म्हणून आधी जाळून पाहावे आणि जाडी, छत व वाट यांची तजवीज करावी. वाळवी येऊ शकते, म्हणून लाकूड जमिनीपासून उचलावे आणि त्यावर नजर ठेवावी. आणि लाकूड आणावयाचे कोठून? जे आपण लावले आहे तेथून. लावलेले नसेल, तर येत्या पावसाळ्यात लावावयास हरकत नाही. आज पहिलीत असलेली मुले त्या झाडांच्या सावलीत बसतील, आणि त्यांची नातवंडे कदाचित त्या झाडांच्या छपराखाली.